मधली बाटली

द्वारकाबाईंनी दुकानाचं शटर कमरेपर्यंत खाली ओढलं, गल्ल्यावरचा तराजू बाजूला सारला आणि उजवा तळहात पुढे केला.

"ओत. दोन थेंब फक्त. अभिषेक नकोय."

आमोदने पहिल्या बाटलीचं बूच काढलं. तिन्ही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या आणि त्यांवर जाड पेनाने एक, दोन, तीन असे आकडे घातले होते. दोन थेंब तळहातावर पडले. बाईंनी हात एकमेकांवर चोळले, पण नाकाशी नेले नाहीत. घड्याळाकडे बघत त्या नुसत्या बसून राहिल्या.

"वास घ्या ना, काकू."

"स्पिरिट उडू दे आधी. पाहुणे गेल्यावर कळतं घर कसं आहे ते."

शनिवार पेठेतलं हे काष्ठौषधींचं दुकान तीन पिढ्यांचं. बाई लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्यांनी त्यांना पहिलं वर्षभर फक्त वास घ्यायला बसवलं होतं. आता त्या अडुसष्टच्या होत्या आणि भलेभले वैद्य माल घेण्याआधी त्यांच्या नाकाखालून नेत. दारूचा थेंब कधी त्यांच्या पोटात गेला नव्हता. पण जिन ज्या जिनसांवर उभी असते, त्या सगळ्या त्यांच्या खणांत होत्या: धने, वेलदोडे, वाळा, संत्र्याची साल आणि मुख्य म्हणजे हौबेर. त्या हौबेराला तिकडे ज्युनिपर म्हणतात, हे आमोदने सांगितलं तेव्हा त्यांना आपल्या माहेरच्या कुणाचं तरी नाव परदेशात निघाल्यासारखं वाटलं होतं.

आमोद आयटीतली नोकरी सोडून गेल्या वर्षी या धंद्यात पडला होता. बायको प्रियदर्शनीही बरोबर होती. शिरवळच्या पुढे एका भट्टीत त्यांची जिन निघे. आज संध्याकाळी बाटलीवरची लेबलं छापायला जायची होती आणि त्यांवर किंमत घालायची होती. साडेचौदाशे घालायची, असं दोघांच्या मनात होतं.

"दुकानदार काय म्हणतात माहितीये?" तो म्हणाला. "सातशेची घेणारा किंमत बघतो. तीन हजारांची घेणारा नाव बघतो. मधली घेणारा मात्र खरंच जिन बघतो. एकदा फसला की परत येत नाही."

"आणि कमी लावलीस तर?"

"नऊशे लावली तर दिवाळीपर्यंत गाशा गुंडाळायचा."

बाईंनी तळहात नाकाशी नेला. "ही एक नंबरची सातशेची. इंजेक्शनच्या आधी कापूस फिरवतात ना, तो वास. पुढची दे."

तेवढ्यात शटरखालून एक पांढरी टोपी आत आली. तिच्या मागोमाग नागोराव आले. मागच्या गल्लीतले हे निवृत्त पोस्टमास्तर रोज काही ना काही पोटाचं न्यायला येत.

"द्वारकाबाई, दुकान उघडं आहे की बंद?"

"बंद."

"मग मी आत कसा आलो?"

"वाकून."

नागोरावांनी हे मनाला लावून घेतलं नाही. त्यांना ओव्याचा अर्क हवा होता. तो मिळेपर्यंत त्यांची नजर बाटल्यांवर गेली. "हे काय नवीन?"

"हौबेराचा अर्क," बाई म्हणाल्या. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"कशावर चालतो?"

"संध्याकाळवर," आमोद म्हणाला.

नागोरावांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, पैसे ठेवले आणि वाकून निघून गेले.

दुसऱ्या बाटलीचा वास येताच बाईंचा चेहरा खुलला. "ही तुझी. हा वाळा मीच निवडून दिलाय." मग त्यांनी तिसरीचे थेंब डाव्या तळहातावर घेऊन हुंगले. पुन्हा उजवा. पुन्हा डावा.

"काय झालं?"

"हौबेर चांगलं आहे. वेलदोडा आपली पायरी सोडत नाही. वाळा शेवटपर्यंत पुरतो. पण मधे पाय टाकला की पोकळ लागतंय रे. जिन्याची एक पायरीच नाही. ही तिसरी तीन हजारांची परदेशी बाई, हिच्यात ती आहे. लिंबासारखं काहीतरी, पण लिंबू नव्हे."

त्या उठल्या. एक एक खण उघडत गेल्या, हुंगत गेल्या, लावत गेल्या. चौथ्या खणातून त्यांनी चिमूटभर नवे धने घेतले, तळहातावर चुरडले आणि डोळे मिटले.

"सापडलं! धने! तुझ्या जिनमध्ये धने आहेत, पण मेलेले." त्यांचा आवाज चढला. "फसवलंय तुला कुणीतरी. जुनाट माल गळ्यात मारलाय. कोण तो व्यापारी? नाव सांग मला त्याचं."

आमोद फरशीकडे बघत होता. मग त्याने नाव सांगण्याऐवजी वरच्या फळीकडे पाहिलं. तिथे पत्र्याच्या डब्यांची रांग होती. दोन डब्यांची जागा रिकामी होती.

बाईंच्या कानशिलांपर्यंत ऊन चढल्यासारखं झालं. त्या स्टुलावर बसल्या.

मामंजींनी शिकवलं होतं: औषधं नेहमी ताजी घ्यावीत, पिंपळी, वावडिंग, गूळ, तूप, मध आणि धने मात्र जुने. म्हणून त्या डब्यांतले धने तीन-तीन वर्षं ठेवून फक्त मोठ्या वैद्यांना द्यायचे. गेल्या वर्षी हा मुलगा पहिल्यांदा आला, प्रत्येक वनस्पतीचं नाव विचारून वहीत लिहीत राहिला, आणि बाईंना तो इतका आवडला की त्यांनी नव्याच्या भावात त्याला ते जुने धने दिले. सांगितलंही नाही, आणि वर्षभरात स्वतःही विसरून गेल्या. द्यायचं तर उत्तम द्यावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. काढ्याला जे उत्तम, ते जिनला मारक असेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

आमोदने पिशवीतून एक छोटी बाटली काढली. हिला कागद गुंडाळलेला नव्हता. त्याने दोन थेंब बाईंच्या तळहातावर घातले. त्यांनी हात चोळले, वाट पाहिली, वास घेतला. पायरी जागेवर होती.

"धने मार्केट यार्डातले?"

"हो."

"कधी केलीस ही?"

"दोन महिने झाले."

"आणि दोन महिने तोंड शिवून बसलास?"

"प्रियदर्शनी रोज म्हणायची, सांग म्हणून. पण तुम्ही तो डबा किती कौतुकाने काढला होता, काकू. मला धीरच होईना. वाटलं, मी सांगण्यापेक्षा तुमच्या नाकानेच तुम्हाला सांगावं."

"म्हणून हे तीन बाटल्यांचं सोंग. आणि मला नसतं कळलं तर?"

आमोदने बूच घट्ट केलं. "तर जुन्या धन्यांचीच काढली असती. नऊशेला."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांना त्याचा राग आला, हसू आलं आणि पोटच्या पोराबद्दल वाटावी तेवढी माया वाटली. हे सगळं एकदमच आलं, म्हणून त्यांनी पदराने गल्ला पुसायला घेतला.

"गाढव आहेस," त्या म्हणाल्या. "आणि बायको काय म्हणाली यावर?"

"म्हणाली, काकूंना कळणार नाही असं होणारच नाही."

"तिला अक्कल आहे. धंदा तिच्या हातात दे." त्यांनी छोटी बाटली उचलून उजेडात धरली. "साडेचौदाशे लाव. एक रुपया कमी करू नकोस. आणि यार्डात काय भाव दिलास धन्यांना?"

आमोदने भाव सांगितला.

"लुटलंय तुला. पुढचे माझ्याकडून ने, चौथ्या खणातले. आणि ही बाटली इथे राहू दे."

"तुम्ही पिणार?"

"वासाला. नाकाला सवय हवी नव्या गोष्टींची." त्या शटरकडे गेल्या, अर्ध्या वाटेत थांबल्या. "ते जुने धने किती उरलेत?"

"अकरा किलो असतील."

"उद्या परत आणून दे. पैसे घेऊन जा."

आमोदची नजर आपोआप गल्ल्यावरच्या पाटीकडे गेली. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत ती पन्नासेक वर्षं तिथेच होती: 'एकदा दिलेला माल कोणत्याही कारणास्तव परत घेतला जाणार नाही. कारण सांगू नये.'

"बघतोस काय? वाचता येतं मला," शटर वर ढकलत द्वारकाबाई म्हणाल्या. "पाटी मामंजींची आहे. धने मी दिले होते."