झाकणावरची पाटी

मोठे साहेब, माझ्या भावाचा गळा तुम्ही दाबलात आणि खापर फोडलंत एका पोरीच्या माथ्यावर.

मित्रांनो, मी एक जुना चाचणी-उपग्रह आहे. डब्याएवढा. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कपाटावर धूळ खात पडलोय. आम्ही दोघे जुळे. नवी बॅटरी अवकाशात टिकते का, हे पाहायला आम्हाला घडवलं. भाऊ वर जाणार होता. मी खाली राहून मार खाणार. मला गदागदा हलवलं, भाजलं, गारठवलं. मी टिकलो, म्हणून तो गेला.

आमची एकेक तार जोडली इथंच शिकणाऱ्या चिमटाताईनं. हातात सदा चिमटा, म्हणून हे नाव. आमच्या कुशीत अँटेनाची पोलादी फीत गुंडाळून तिनं दोऱ्यानं बांधली, वर झाकण बसवलं. आकाशात विजेनं आतली तार तापून दोरा जळणार, झाकण उघडणार, अँटेना बाहेर येणार, मगच भाऊ बोलणार.

रवानगीच्या आदल्या दिवशी तुम्ही, विद्यापीठाचे मोठे साहेब, आलात. सोबत फोटोवाला आणि तुमच्या नावाच्या दोन चकचकीत पाट्या.

"सर, झाकणावर नको. पाटीची कड फटीवर चिकटली तर ते उघडणार नाही," ताई म्हणाली.

"अगं, नखाएवढी पाटी! एवढ्यानं अडतोय होय तुझा उपग्रह?"

"मागच्या बाजूला लावते ना."

"मग फोटोत काय तुझा चिमटा दिसणार?"

सगळे हसले. ताईला शिकवणारे मास्तर सगळ्यात मोठ्यानं. पाटी चिकटली. दुसरी माझ्या झाकणावर, जोडी जुळावी म्हणून.

भाऊ वर गेला. टाळ्या झाल्या, भाषणं झाली. ताई कानाला हेडफोन लावून बसली. नुसती खरखर. "एकदा तरी ओ दे रे बाळा," ती पुटपुटत राहिली.

चौकशीत मास्तर म्हणाले, "हिची जोडणीच कच्ची." ताईनं पाटीचं नाव काढलं. "दुसरा जुळा आहे ना, त्याच्यावर चाचणी करून बघा," म्हणून विनवलं. तुम्ही म्हणालात, "नाचता येईना, अंगण वाकडं." पदवीआधीच तिला घरी धाडलंत. जाताना तिनं बाहीनं माझी धूळ पुसली. "तू तरी खरं सांग रे," म्हणाली.

आता मला भंगारात काढायचा हुकूम निघालाय. त्यावर सही तुमचीच.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू नेहमी सांगतो, वस्तू जपा. मी म्हणतो, आधी ती घडवणारे हात जपा.

आणि साहेब, तुमची पाटी अजून माझ्या झाकणावर आहे. आतली तार ताईच्याच हातची. मला चारचौघांसमोर टेबलावर ठेवा, वीज द्या, दोरा जळू द्या. झाकण उघडतं का बघू.

दाबता बटण? बोला!