पोट म्हणजे कार्ड नव्हे

पाकीट आलं तेव्हा नेल नुकतीच झोपली होती. कर्स्टीच्या छातीवर, तोंड उघडं टाकून. ती अशी झोपली की घरात कुणी शिंकायचं पण नाही असा नियम होता. म्हणून पाकीट क्रेगने फोडलं. वाचलं. आणि परत पहिल्यापासून वाचलं.

"काय आहे?" कर्स्टी पुटपुटली.

"दंड आहे."

"परत पार्किंग? तुला किती वेळा सांगितलं, त्या चिप्सवाल्याच्या दारात गाडी—"

"माझा नाही. तुझा आहे."

कर्स्टीला गाडी चालवता येत नव्हती. ती बाळंतपणाच्या रजेवर होती आणि दोन महिने घर, दवाखाना आणि कोपऱ्यावरचं दुकान सोडून कुठे गेली नव्हती. दंड व्हायला माणसानं काहीतरी करावं तरी लागतं ना. तिनं एका हातानं कागद ओढून घेतला.

त्यात लिहिलं होतं की तुम्ही गरोदरपणाचं कारण सांगून औषधं फुकट घेतलीत, पण आमच्याकडे तुमच्या नावानं माफीचं, म्हणजे औषधं फुकट मिळण्याचं, कार्ड नाही. म्हणजे हा खोटा दावा आहे. औषधांचे पैसे भरा, वर शंभर पाउंड दंड भरा, आणि वेळेत भरला नाहीत तर आणखी भरा.

खोटा दावा.

"क्रेग," ती म्हणाली, "हे काय आहे?" आणि तिनं छातीवरच्या पोरीकडे बोट दाखवलं.

"म्हणजे?"

"हे काय आहे सांग ना! हा खोटा दावा आहे? हिला काय मी सेलमध्ये आणली?"

नेल उठली. रडायला लागली. त्या दुपारी घरात दोघीही ओरडत होत्या आणि क्रेग चहा करत होता, कारण ग्रिम्सबीत, इंग्लंडमधल्या त्या बंदराच्या गावात, काहीही झालं, छत जरी पडलं, तरी आधी चहा करतात.

तिची औषधं होती तरी काय. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या. जळजळीचं पांढरं औषध, ज्याची चव भिंतीच्या चुन्यासारखी. आणि एकदा लघवीला इन्फेक्शन झालं होतं त्याच्या गोळ्या. एवढंच. मजा म्हणून काही घेतलं नव्हतं कुणी.

सुईणबाईनं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "आता तुझं सगळं फुकट हं बाळा. औषधं, दात, सगळं." कार्डाचा अर्ज सुईणबाईनंच पाठवायचा असतो, हे दवाखान्यात फोन केल्यावर कर्स्टीला आज कळत होतं. त्या दिवशी म्हणे दवाखान्याचा कॉम्प्युटर बंद होता. मग ती सुईणबाई बदली होऊन लिंकनला गेली. नवीनला वाटलं जुनीनं केलं असेल. कर्स्टीला तर कार्ड नावाची वस्तू असते हेच माहीत नव्हतं. तिला वाटत होतं पोट हेच कार्ड.

"भरून टाकू ना," क्रेग म्हणाला. "माझा पगार झाला की. कशाला डोक्याला ताप."

"भरले तर काय होतं माहितीये? मी मान्य केलं असं होतं. मी चोरी केली असं."

"कोण बघतंय?"

"मी बघतेय!"

क्रेगनं वाद वाढवला नाही, कारण हे कुठून येतंय ते त्याला ठाऊक होतं. कर्स्टीच्या बापाची पाठ गोदीवर मोडली होती. तो सरकारी भत्त्यावर होता. गल्लीतल्या कुणीतरी फोन करून कळवलं की हा माणूस नाटक करतो, कुत्र्याला फिरवतो. मग एक माणूस रोज समोर गाडी लावून बसायचा, कॅमेरा घेऊन. चौकशीत काही निघालं नाही. पण तो मरेपर्यंत पबमध्ये त्याला 'ऑलिम्पिक' म्हणायचे. "या ऑलिम्पिक, पळत आलात का?" तो हसायचा. घरी येऊन जेवायचा नाही. कर्स्टीनं ते सगळं जिन्यावर बसून ऐकलेलं होतं. त्या घरातली पोरगी खोट्या दाव्याचा दंड भरणार नव्हती.

सोमवारी तिनं नोटीस पाठवणाऱ्या ऑफिसला फोन लावला. आधी बराच वेळ होल्डवरचा पियानो वाजला. मग एक पोरगा आला. आवाजावरून कालच मिसरूड फुटलेला.

"मॅडम, तुम्ही गरोदर नव्हता असं आमचं म्हणणंच नाही."

"मग?"

"त्या तारखेला तुमच्याकडे कार्ड होतं का?"

"पोट होतं!"

"पोट म्हणजे कार्ड नव्हे, मॅडम."

कर्स्टीच्या डोक्यात अशी तिडीक गेली की तिनं फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग परत कानाला लावला. "तुझ्या आईला विचार," ती म्हणाली, "तू कार्डातून आलास का म्हणून."

पोरगा जरा अडखळला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "हे बघा, औषधांच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूचा फोटो आहे माझ्यासमोर. टिक केलीय 'माफीचं कार्ड आहे' या चौकटीत. पण सही तुमची नाही. तुमच्या वतीनं दुसऱ्या कुणीतरी केलीय. नीट लागत नाही. तुम्ही त्या व्यक्तीचं नाव कळवलंत तर तुमची नोटीस रद्द होईल."

"आणि त्या व्यक्तीचं काय?"

"मग नोटीस त्यांना जाईल. आणि ती व्यक्ती दुकानातली असेल तर त्यांच्या मालकालाही कळवावं लागतं. कोण आहे ती, मॅडम?"

कर्स्टीनं फोन ठेवला.

कोण आहे ते तिला तेव्हाच कळलं होतं. ती औषधं आणायला कधी गेलीच नव्हती. औषधं घरी यायची. मॉरीनच्या पिशवीतून.

मॉरीन म्हणजे क्रेगची आई. फ्रीमन स्ट्रीटच्या मेडिकलमध्ये काउंटरवर. इतकी वर्षं की नवे डॉक्टर आले की आधी तिला भेटून जायचे. तिचा एक प्रश्न अख्ख्या गावाला पाठ होता. चिठ्ठी हातात घ्यायची, चष्म्यावरून बघायचं आणि विचारायचं, "पैसे भरतेस का गं, पोरी?" कार्ड आहे का, असं कुणीच विचारत नाही. पैसे भरतेस का, एवढंच. म्हातारा असला तर नाही म्हणतो. पोटुशी असली तर मॉरीन विचारत पण नाही. पोटाकडे बघते, कागद उलटा करते, टिक करते. सुनेच्या चिठ्ठीवर तर तिनं सही पण स्वतःच ठोकली होती, घरचंच काम म्हणून.

आणि ही तीच मॉरीन, जी रविवारी जेवताना फुकट्यांचा उद्धार करायची. अमका अपंगाच्या जागेत गाडी लावतो, तमकीनं पोरांची संख्या वाढवून सांगितली.

तो आठवडा कर्स्टीनं दातओठ खात काढला. रविवारी ते मॉरीनकडे जेवायला गेले. रोस्ट, वाटाणे, ग्रेव्ही, ग्रेव्हीत बुडवायची पिठाची फुगलेली यॉर्कशायर पुडिंग. नेल प्राममध्ये, तिच्या बाबागाडीत. कर्स्टीनं कागद काढून मिंट सॉसच्या बाटलीला टेकवून उभा केला.

मॉरीननं चष्मा लावला. वाचलं. "अगं बाई. काय टिक केलंस तू?"

"तुला काय वाटतं?"

"वाचायचं असतं बाळा सही करताना. माझ्या काउंटरवर रोज येतात असल्या. काही माहीत नसल्याचा आव आणतात. सगळ्या म्हणतात, मला कुणी सांगितलंच नाही."

"आई," क्रेग म्हणाला.

"नाही रे, हिला नाही म्हणत मी. पण लोक करतात ना."

"मॉरीन," कर्स्टी म्हणाली, "टिक तू केलीस."

मॉरीनचा काटा वाटाण्यांवर थांबला.

"सही पण तुझी आहे. माझी औषधं तू आणलीस. चोर कोण मग? मी का तू?"

"मी चोर?" मॉरीन लाल झाली, गळ्यापासून वरपर्यंत. "मी तुझ्यासाठी ओझं वाहिलं, बसच्या दोन फेऱ्या मारल्या, आणि मी चोर? पोट दिसत होतं! मी सगळ्यांचंच करते!"

"सगळ्यांचं?"

"मग काय! पोट दिसलं की करते टिक. कोण कार्ड मागत बसणार, मागे रांग असते!"

म्हणताना तिच्या लक्षात आलं. कर्स्टीच्या पण. किती पोरी असतील. ज्यांनी मॉरीनचा हसरा चेहरा बघून सही केली, आणि असलं पाकीट आल्यावर खालमानेनं पैसे भरले, नवऱ्यालाही न सांगता. आणि मॉरीननं त्यांनाच नावं ठेवली होती. याच टेबलावर. ग्रेव्ही वाढता वाढता.

"मी भरते," मॉरीन हळू म्हणाली. "विषय संपव. दुकानात कळलं तर मला काढतील. त्यांना निमित्तच हवंय. काउंटरला मशीन बसवायचंय त्यांना."

"भर," क्रेग म्हणाला. "संपव कर्स्टी, प्लीज."

"तू गप्प बस. तुझ्या आईचं नाव शाबूत आणि माझं गेलं गटारात, असं ना?"

ती उठली. कोट घातला. पुडिंगला कुणी हात लावला नव्हता.

पुढच्या सकाळी ती मेडिकलमध्ये गेली. प्राम ढकलत, वाऱ्यात, खारा वास नाकात घेत. नाव कळवायचं का नाही ते तिचं ठरलं नव्हतं. मॉरीनच्या तोंडून ऐकायचं होतं, एवढंच. 'चूक माझी.' दोन शब्द. मग पुढचं पुढे.

रांग होती. कर्स्टीच्या पुढे वॉल्ट, जुना मासेमार, कानात यंत्र. त्याच्या पुढे लाल कोटातली एक पोरगी, पोट असं की कोटाचं बटण लागत नव्हतं. मॉरीननं चष्म्यावरून बघितलं, हसली, कागद उलटा केला. पेन खाली आलं.

"थांब!"

सगळं दुकान वळलं. नेल दचकली.

"हात नको लावूस त्या कागदाला!" कर्स्टी प्राम घेऊन पुढे घुसली. त्या गावात रांग मोडणं म्हणजे चर्चमध्ये थुंकण्यासारखं, पण तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. "काल एवढं झालं आणि आज परत? विचार ना तिला! कार्ड आहे का विचार!"

"कसलं कार्ड?" लाल कोटवाली म्हणाली.

"बघ! बघ, हिला पण माहीत नाही!"

"कर्स्टी, बाळा, इथे नको," मॉरीन पुटपुटली.

"इथेच! मला खोटारडी ठरवलं ते काय माझ्या बेडरूममध्ये ठरवलं?"

मागच्या खोलीतून मिस्टर लोदर आले, दुकानाचे फार्मासिस्ट. पांढरा कोट, हातात अर्धं बिस्कीट. "काय चाललंय?"

आता सगळे कर्स्टीकडे बघत होते. नाव तिच्या जिभेवर होतं. ती चांगलं वागली असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ती तशी वागली नाही.

"हिनं केलं," ती म्हणाली. "माझ्या चिठ्ठीवर हिनं टिक केली, हिनं सही केली. आणि दंड मला. माझ्या सासूनं. अजून किती जणींचं केलंय ते हिलाच विचारा."

वॉल्टनं कानातल्या यंत्राचा आवाज वाढवला.

मॉरीन काउंटरला धरून उभी होती. आता ही रडणार, असं कर्स्टीला वाटलं, आणि रडली तर मी आणखी चिडेन, असंही वाटलं. मॉरीन रडली नाही. तिनं हात पुढे केला. "कागद दे."

कर्स्टीनं दिला. मॉरीननं दुकानाचा फोन उचलला, नंबर दाबला, स्पीकर लावला. पियानो वाजायला लागला.

"मॉरीन, रांग आहे," मिस्टर लोदर म्हणाले.

"असू दे."

"मॉरीन, तुझी नोकरी—"

"माहितीये मला, काय जाईल ते!" ती असं ओरडली की त्यांचं बिस्कीट खाली पडलं.

पियानो वाजत राहिला. रांग उभी राहिली. कुणीतरी घड्याळ बघितलं, पण गेलं कुणी नाही. कितीही वेळ उभं राहायचं, हे एक त्या लोकांना चांगलं जमतं. लाल कोटवालीला वॉल्टनं खुर्ची दिली आणि कर्स्टीनं तिला सगळं सांगितलं, तावातावानं.

"मला पण आलंय पाकीट," मागून एक बाई म्हणाली. "मागच्या वर्षी. मी भरले."

मॉरीननं तिच्याकडे बघितलं. मग काउंटरकडे.

शेवटी पोरगा आला. तोच.

"मी मॉरीन ब्लॅन्चर्ड," ती म्हणाली. "ती सही माझी आहे. टिक माझी आहे. लिहून घे. माझ्या सुनेनं काही खोटं सांगितलेलं नाही. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं."

"धन्यवाद मॅडम. म्हणजे त्या तारखेला रुग्णाकडे कार्ड नव्हतं, हे बरोबर?"

मॉरीननं तोंड उघडलं. पण तिच्या आधी वॉल्ट ओरडला, बहिऱ्याच्या आवाजात, "पोट होतं रे!"

"कोण बोलतंय?"

"पोट होतं!" मागची बाई ओरडली. "माझं पण होतं!"

"एवढं मोठं होतं!" रांगेतून आणखी कुणीतरी ओरडलं.

मग पोरगा म्हणाला, "मी... मी साहेबांशी बोलतो. लाइनवर राहा." आणि परत पियानो.

मॉरीननं लाल कोटवालीची चिठ्ठी परत दिली, टिक न करता. "सुईणबाईकडे जा आधी. कार्ड मागून घे. मी न विचारताच टिक करत होते इतके दिवस." आणि मग कर्स्टीकडे न बघता, "चुकलं माझं."

आज सकाळी कर्स्टीला हेच ऐकायचं होतं. आता ऐकलं तर बरं वगैरे काही वाटलं नाही. राग तसाच होता. नुसता मॉरीनवरून उठून त्या पियानोवर जाऊन बसला होता.

"आज गोळ्या मिळणार नाहीत का मग?" लाल कोटवालीनं विचारलं.

मिस्टर लोदर पडलेलं बिस्कीट उचलायला वाकले. नेल भुकेनं रडायला लागली. कर्स्टी काउंटरच्या आत गेली, मॉरीनच्या उंच स्टुलावर बसली आणि तिथेच, सगळ्यांसमोर, पोरीला पाजायला घेतलं.

"फोन ठेवू नकोस," ती मॉरीनला म्हणाली.

"ठेवत नाही," मॉरीन म्हणाली.