नववा गोल

नऊ गोलांनी जिंकायचं होतं. आठ नाही, नऊ. म्यानमारचे आणि आमचे गुण सारखे होते, त्यांचे सामने संपलेले होते, आणि उपांत्य फेरी गाठायची तर आज तिमोरच्या पोरींवर नऊ गोलांचा फरक चढवणं भाग होतं. सकाळी नाश्त्याला आमच्या फुटबॉल संघटनेचे एक साहेब लसणीचा भात चिवडत मला म्हणाले, "डेलिया, आज जमलं नाही, तर पुढच्या वर्षी आपण बाहेरचा कोच बघू." सोळा वर्षं मी फिलिपिन्सच्या पोरींना शिकवतेय. साहेबांना माझं आडनाव अजून धड घेता येत नाही.

बाकोलोदच्या मैदानावर दुपारी तीनचं ऊन मी म्हणत होतं. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला सातवा गोल झाला आणि त्याच झटापटीत आमच्या मॅडीचा गुडघा त्यांच्या गोलकीपरच्या हातावर बसला. झेलिंदा तिचं नाव. सतरा वर्षांची. पुरुषांच्या मापाची चड्डी कमरेला नाडीनं आवळून बांधलेली. उजव्या हाताची करंगळी भलत्याच दिशेला वळली होती. त्यांची दुसरी गोलकीपर तापानं हॉटेलात पडलेली, म्हणजे हिला बदलायलाही कुणी नाही. त्यांच्या कोच बाईंनी करंगळी शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधली आणि पोर पुन्हा गोलमध्ये जाऊन उभी राहिली.

"अरे, तिला घरी पाठवा! त्यापेक्षा बुजगावणं उभं करा!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. हे हसणं मला ओळखीचं होतं.

बरोबरीचा सामना नव्हताच तो. आमच्या निम्म्या पोरी अमेरिकेत वाढलेल्या. मॅडी दुमारनची आजी आमच्या इलोइलोची, पण मॅडीला वयाच्या सहाव्या वर्षापासून कॅलिफोर्नियात स्वतंत्र शिक्षक, हिरवळीची मैदानं, खाण्यापिण्याचा तक्ता. तिमोरच्या पोरींचे बूट परवा आले, त्यातले चार जोड मापाचे नव्हते. एकीनं पुढे कागदाचे बोळे कोंबलेले मी स्वतः पाहिले. आणि आम्ही तरी कोण मोठे लागून गेलो? मोठ्या देशांपुढे उभ्या राहिलो की आमचीही अशीच धुलाई होते. प्रत्येकाला कुणीतरी धुणारा असतोच.

सहासष्टाव्या मिनिटाला मॅडीनं आठवा मारला. आनंद केला नाही. चेंडू उचलून मान खाली घालून परत निघाली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

बहात्तराव्या मिनिटाला ती एकटीच पुढे निघाली. झेलिंदा पडलेली, समोर अख्खा गोल उघडा. दूध पिणाऱ्या पोरानंही मारला असता. मॅडी थांबली, आणि तिनं चेंडू मागे देऊन टाकला. मागच्या पोरीनं आणखी मागे दिला. प्रेक्षकांना कळलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. काय मोठं मन, म्हणे!

मी टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहिलं नाही. झेलिंदाकडे पाहिलं. इतका वेळ ती रडली नव्हती. आठ गोल खाल्ले, बोट मोडलं, तरी नाही. आता मात्र ढोपरांवर बसून, तोंड बाहीत खुपसून रडत होती.

तेवीस वर्षांपूर्वी मी त्याच जागी होते. कुठल्या देशाविरुद्ध ते राहू द्या, मोठा देश होता. बारा गोल खाल्ले. बाराव्यानंतर त्यांनी मारायचंच सोडलं. वीस मिनिटं आपापसात चेंडू खेळवत बसल्या, आणि मी गोलमध्ये नुसती उभी. शेवटी त्यांच्या कॅप्टननं येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला. बारा गोल मी कधीच विसरले. तो हात अजून डोक्यावर आहे.

पंचाहत्तराव्या मिनिटाला पाणी प्यायला खेळ थांबला. मी मॅडीला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"तो चेंडू मागे का दिलास?"

"कोच, ती पोर रडतेय."

"तू मागे दिल्यावर रडायला लागली. आधी नाही. डोळे फुटले होते का तुझे?"

"आठ झालेत! तिचं बोट मोडलंय, तेही माझ्यामुळे. आणखी किती मारायचं तिला?"

बरोताकची जोनालिन शेजारी डोक्यावर पाणी ओतत होती. माझ्याच गावातली, माझ्या गल्लीतली. "मनांग," ती मला थोरल्या बहिणीच्या मानानं हाक मारते, "हिला झुंजीचं सांगा ना. तुमच्या बाबांचं."

"कसली झुंज?" मॅडीनं विचारलं.

"कोंबड्यांची गं. मनांगचे बाबा झुंजीत पंच होते." जोनालिन घाईघाईनं सांगू लागली. "एक कोंबडा पडला ना, की पंच दोघांना पाठीला धरून उचलतो आणि समोरासमोर आणतो. उभा असलेल्यानं पडलेल्याला दोनदा चोच मारायची. मारली तरच जिंकला. नाही मारली तर कुणीच जिंकलं नाही."

"शी! किती क्रूर आहे हे."

"पुढचं ऐक," मी म्हणाले. "पडलेल्यानं उलटून एकदा जरी चोच मारली, तर झुंज पुन्हा सुरू. मरायला टेकलेले कोंबडे मी तसे उठलेले पाहिलेत. पण त्यासाठी आधी त्याच्यावर चोच यावी लागते, मॅडी. तू तिच्यावर चोचच उगारली नाहीस. ती उलटून काय मारणार?"

मॅडीनं बाटली खाली ठेवली. पोर अमेरिकेची असली तरी नजर आजीची आहे, थेट आरपार जाते. "कोच, खरं सांगा. हे तुम्ही तिच्यासाठी बोलताय, की नवव्या गोलसाठी?"

खोटं कशाला बोलू? "दोन्हीसाठी," मी म्हणाले. "पण नवव्याची गरज नसती, तरी हेच सांगितलं असतं."

हे खरं होतं का, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

खेळ सुरू झाला आणि मॅडी मारू लागली. एक खांबाला लागला. एक झेलिंदानं पायानं अडवला. एक वरून गेला. तिमोरच्या पोरी चेंडू येईल तिथे अंग टाकत होत्या. ज्यांना आपण हरलोय हे कधीच कळलंय, त्यांनी इतकं का झटावं, असं साहेबांसारख्यांना वाटत असेल. मला नव्हतं वाटत.

नव्वदावं मिनिट सरलं. जोनालिन त्यांच्या पेनल्टी बॉक्समध्ये घुसली आणि कागदाचे बोळे भरलेल्या बुटांच्या पोरीनं तिला पाडलं. पेनल्टी!

स्टेडियम उठून उभं राहिलं. मॅडीनं चेंडू ठेवला. वर्षभरात तिनं एकही पेनल्टी दवडलेली नव्हती. मागे वळून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी फक्त मान डोलावली. एक क्षण वाटलं, हिनं मुद्दाम बाहेर मारला तर? पुढच्याच क्षणी वाटलं, तसं केलं तर हिला संघातून काढेन. आणि मग आठवलं, संघातून काढायला मी असेन कुठे!

मॅडी धावली. तिनं मारलेल्या चेंडूचा आवाज माझ्यापर्यंत आला. डाव्या कोपऱ्यात, हातभर उंचीवर, तिच्या ताकदीचा शेवटचा थेंब लावून मारलेला. झेलिंदा आधीच उडाली होती. चेंडू तिच्या कोपराखाली आदळला, खांबाला घासला आणि रेषेबाहेर गेला.

कॉर्नर झाला. जोनालिनचं डोकं लागलं, चेंडू वरून गेला, आणि शिट्टी वाजली.

आठ शून्य. आम्ही स्पर्धेतून बाहेर, आणि आठ गोलांनी हरलेल्या पोरी झेलिंदाला खांद्यावर घेऊन नाचत होत्या. साहेब खुर्ची सरकवून निघून गेले. जोनालिन गवतावर पालथी पडून हुंदके देत होती. मलाही रडायला येत होतं. सोळा वर्षं गेली होती, त्याचं दुःख कुणाला नसतं?

मॅडी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तेवढ्यात झेलिंदा खांद्यावरून उतरून आमच्याकडे आली. तोंडभर माती. मॅडीसमोर थांबून तिनं मोडक्या इंग्रजीत विचारलं, "तू खरा मारलास ना? की मला दिलास?"

मॅडीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं झेलिंदाचा हात धरून उलटा केला. कोपराखाली चेंडूची शिवण लालभडक उमटली होती.

"हे बघ. हे काय दिल्यासारखं दिसतंय?" ती म्हणाली. "माझ्या आयुष्यातली सगळ्यात जोराची किक होती ती, बाई."

झेलिंदानं त्या वळाकडे पाहिलं. मग हसली, दात दिसेपर्यंत.

माझा हात आपोआप तिच्या डोक्याकडे निघाला होता. मी तो अर्ध्यावर थांबवला आणि खाली आणून तिच्यासमोर धरला. तिच्या उजव्या हाताचं बोट सुजलं होतं, म्हणून तिनं डावा हात पुढे केला. मीही हात बदलला. पकड घट्ट होती तिची.