टाकीवरचा दिवा

आमचे भावोजी आयुष्यभर लिफ्ट तपासायच्या नोकरीत होते. बटण दाबल्याशिवाय जगात काही हलू नये, असं त्यांचं ठाम मत. लिफ्टपुरतं ते ठीक होतं. पण निवृत्त झाल्यावर त्यांनी मोटरवाली दुर्बीण आणली, गॅलरीत तिपाईवर उभी केली आणि आकाशालाही तोच नियम लावला.

दुर्बीण आणली ती ताईसाठी. आमचे वडील चष्मेवाले होते. त्यांनी पुठ्ठ्याच्या नळीत दोन भिंगं बसवून आम्हा दोघांना चंद्र दाखवला होता. शनी मात्र त्यातून तांदळाच्या दाण्याएवढाच दिसला. "त्याच्याभोवती सुटं कडं असतं," वडील म्हणाले होते, "नळी मोठी असती तर दिसलं असतं." ताईच्या मनात ते कडं साठ वर्षं राहिलं. आता तिच्या डोळ्यांचा मागचा पडदा खराब होत चालला होता. उरलंय ते दोन-तीन महिने टिकेल, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि शनी रोज थोडा लवकर मावळत होता. पंधराएक दिवसांत तो सूर्याच्या उजेडात बुडणार आणि मग काही महिन्यांनी पहाटेकडे उगवणार. तोवर ताईला काय दिसेल, हे कोणी बोलत नव्हतं.

वडिलांचं दुकान आता मी चालवतो. भिंगांत माझा जन्म गेला. मला विचारलं असतं तर दुर्बीण हाताने वळवून शनी दोन मिनिटांत धरून दिला असता. पण विचारतो कोण! भावोजींना दुर्बीण कॉम्प्युटरला जोडायची होती. दिवाणखान्यात खुर्चीवर बसून माउस हलवायचा आणि गॅलरीतल्या दुर्बिणीने मान वळवायची. उंटावरून शेळ्या हाकायची हौस, दुसरं काय. मी रोज दुकान बंद केलं की तमाशा बघायला जायचो.

पहिले दोन दिवस कॉम्प्युटर 'उपकरण सापडले नाही' एवढंच म्हणत होता. मशीनला एकसारखी दोन भोकं होती आणि भावोजींनी वायर नेमकी चुकीच्या भोकात खुपसली होती. दोन दिवस त्यांनी सॉफ्टवेअर काढलं, घातलं, पुन्हा काढलं. तिसऱ्या दिवशी भोक बदललं आणि पडद्यावर 'जोडणी यशस्वी' असं आलं. त्यांनी ताईला हाक मारून ती दोन शब्दांची कामगिरी दाखवली. चौथ्या दिवशी 'शनीकडे जा' असं बटण दाबलं, तर दुर्बीण घरघरत फिरली आणि समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर जाऊन थांबली. रेखांश टाकताना पूर्वेच्या जागी पश्चिम निवडली होती. म्हणजे सॉफ्टवेअरच्या हिशोबाने आम्ही सगळे पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला चहा पीत होतो.

"चादर छान दिसते हो भावोजी," मी म्हणालो, "शिवणसुद्धा मोजता येते."

"यंत्र शिकायला वेळ लागतो," ते शांतपणे म्हणाले आणि पुस्तिका उघडून बसले.

ते असं काही समजावायला लागले की ताई तोंड फिरवून खिडकीकडे बघत बसायची. कंटाळली असणार बिचारी. माझं बोलणं मात्र ती सरळ माझ्याकडे तोंड करून ऐकायची. निदान घरात एकाला तरी माझं पटतं, असं वाटून मला आणखी चेव यायचा.

सहाव्या दिवशी एक खोका आला. त्यात कॅमेरा. डोळा लावायचं भिंग काढून तिथे हा कॅमेरा बसवायचा आणि चित्र टीव्हीवर आणायचं म्हणे. मला हसू आवरेना. डोळा लावायची जागाच बुजवायची, तर दुर्बीण हवी कशाला? टीव्हीवरच बघायचं तर छापील चित्र काय वाईट? मी हे सगळं तोंडावर बोललो. भावोजी फक्त म्हणाले, "असू दे."

मग आला तारा ओळखवण्याचा दिवस. एक तारा नळीत धरायचा आणि सॉफ्टवेअरला सांगायचं, की हा अमुक. त्यावरून ते बाकीचं आकाश स्वतः मांडतं. भावोजींनी पश्चिमेचा एक ठळक ठिपका धरला, नाव निवडलं, बटण दाबलं. तो तारा नव्हता. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवरचा दिवा होता. मला पहिल्या मिनिटाला कळलं. पण मी मूग गिळून बसलो, कारण पुढची मजा मला बघायची होती. ती दोन दिवस चालली. शनी म्हटलं की नळी रिकाम्या आभाळात, चंद्र म्हटलं की कोणाच्या तरी गच्चीत. भावोजी पुस्तिकेची पानं उलटत राहिले आणि शनी रोज त्या इमारतीच्या आणखी जवळ उतरत राहिला.

नवव्या दिवशी संध्याकाळी गेलो, तर भावोजी टीव्हीपर्यंत पोचेल अशी लांब वायर आणायला बाजारात गेले होते. आभाळ स्वच्छ होतं. मी पकडीचा खिट्टा सैल केला, नळी हाताने वळवली आणि शनी धरला. दोन मिनिटंही लागली नाहीत. एवढासा, पण काय देखणा! कडं कोरून बसवल्यासारखं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा.

"ताई, ये लवकर."

तिने डोळा लावला. मान थोडी इकडे, थोडी तिकडे केली. बराच वेळ उभी राहिली.

"दिसला?"

"हो रे बारक्या, दिसला. छान आहे."

कडं दिसलं का, ते मी विचारलंच नाही. माझं लक्ष जिन्याकडे होतं, भावोजी कधी येतात तिकडे.

ते आले. सैल खिट्टा त्यांना दारातूनच दिसला.

"तू हलवलंस?"

"हलवलं आणि ताईला दाखवलाही. तुमच्या बटणाशिवाय."

भावोजींनी ताईकडे पाहिलं. "काय गं, खरंच दिसला?"

ताईने तोंड फिरवलं, नेहमीसारखं.

"तिला मधोमध दिसत नाही," भावोजी मला म्हणाले. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "जिथे नजर लावेल तिथेच काळा डाग येतो. कडेकडेनं दिसतं, तेसुद्धा मोठं असेल तर. त्या बारीक भोकातून तिला काय दिसणार? म्हणून कॅमेरा, म्हणून टीव्ही. तू चष्मे विकतोस ना?"

मी चष्मेच विकतो. पडदा खराब आहे एवढं मला माहीत होतं. पडद्याला चष्मा चालत नाही, म्हणून मी पुढे विचारच केला नव्हता. सख्ख्या बहिणीला नेमकं काय दिसत नाही, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला माझीच शरम वाटली.

"तो तारा नव्हता," मी म्हणालो. "टाकीवरचा दिवा होता."

"तुला कधी कळलं?"

"तेव्हाच."

ताई म्हणाली, "अहो, मावळेल तो."

शनी टाकीच्या हातभर वर होता. मी हातानेच नळी पुन्हा नेमकी केली आणि खिट्टा आवळला. भावोजींनी भिंग काढून कॅमेरा बसवला, सॉफ्टवेअरला 'हाच शनी' असं सांगितलं, वायर ओढत टीव्हीपर्यंत नेली. आधी पडद्यावर नुसता धुरकट गोळा आला. मी गॅलरीतून स्क्रू फिरवत राहिलो आणि ते आतून "अजून, अजून, बस" असं ओरडत राहिले.

आत आलो तर पडदाभर शनी होता. थरथरत होता, पण जागचा हलत नव्हता. मोटर त्याला धरून होती.

ताई टीव्हीसमोर बसली होती आणि तोंड खिडकीकडे होतं. क्षणभर मला वाटलं, हिला हेही नको झालंय. मग ती तशीच, खिडकीकडे तोंड ठेवून म्हणाली, "सुटं आहे रे कडं. मधे फट दिसते. बाबा म्हणाले होते तसंच."

भावोजी तिला शेजारी बसून काहीतरी समजावत होते. तिचं तोंड खिडकीकडेच होतं आणि डोळ्यांत पाणी होतं. ते बोलायला लागले की ती कंटाळून तोंड फिरवते, असं मी इतके दिवस समजत होतो. ती त्यांना बघत होती.

शनी टाकीमागे जाईपर्यंत आम्ही तिघं बसून होतो. पडदा काळा झाला. माझ्या जिभेला तर हाड नाहीच.

"काही म्हणा," मी म्हणालो, "शेवटी सापडला तो हातानंच."

ताईने मान वळवली आणि अगदी सरळ माझ्याकडे पाहिलं.