डाव्या कोपऱ्यातला डाग

पेशींचे चारशे बारा फोटो, आणि एकाचंही नाव कामाचं नाही. 'नवीन', 'नवीन दोन', 'हा बरा', 'सरांना दाखवायचा', 'सरांना दाखवू नये' अशा नावांवर पीएचडीच्या मुलीने तीन वर्षं निभावून नेली होती.

मग तिचा लेख तपासणाऱ्या संशोधन नियतकालिकाच्या परीक्षकाने विचारलं, पेशी दीडपट सुजल्या म्हणता, ते मोजलं कशावरून? उत्तर शुक्रवारपर्यंत. नाहीतर लेख परत, आणि लेखाशिवाय पदवी नाही.

फोटोत पेशी किती पट मोठी दिसते, ते माप मूळ फाइलमध्ये आपोआप नोंदलेलं असतं. पण मूळ फाइली अवजड. सरांनी गेल्या वर्षी सर्व्हरवर स्वच्छता मोहीम काढली, तेव्हा मुलीने सगळ्यांचे हलके, साधे फोटो करून घेतले आणि मूळ फाइली उडवल्या. फोटो राहिले, माप गेलं. त्यात प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक दोन, जुना आणि नवा. कॅमेरे वेगळे, म्हणून मापंही वेगळी. फोटो जुन्यावरचे असतील तर पेशी सुजलेल्या. नव्यावरचे असतील तर पेशी ठणठणीत आणि तीन वर्षं पाण्यात.

"जुन्यावरच काढलेत, सर."

"लिहून ठेवलंय कुठे?"

"लक्षात आहे ना."

"परीक्षकाला तसं कळवू? मुलीच्या लक्षात आहे म्हणून?"

तिचा फोन वाजला. आई. रोजचा एकच प्रश्न, 'झालं का गं?' मुलीने फोन पालथा घातला.

तेवढ्यात भिंगकाका आत आले. सव्वीस वर्षं सूक्ष्मदर्शक सांभाळणारे तंत्रज्ञ. पडद्याकडे बघून थबकले.

"अरे वा, आमचे चिरंजीव!"

"कोण?"

"हे काय, डावीकडे वर." कोपऱ्यात स्वल्पविरामाएवढा करडा डाग होता. "जुन्या कॅमेऱ्यातला आहे. पुढचा फोटो लाव बाळ. बघ, तिथेच. पेशी बदलतील, हा हलायचा नाही."

"तुम्ही अजून पुसला नाहीत तो?" सर म्हणाले.

"आतल्या बाजूला आहे, सर. त्याला कंपनीचा माणूस लागतो, माणसाला तुमची सही लागते. अर्ज तुमच्या टेबलावर आहे. सुखरूप असेल."

दुपारपर्यंत मुलीने सगळे कोपरे तपासले. चारशे आठ फोटोंत डाग होता. चार निर्मळ निघाले, म्हणजे नव्यावरचे. ते वगळावे लागले. त्यांतला एक 'सरांना दाखवायचा' होता. मग तिने जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजपट्टीची काच ठेवून फोटो काढला. डाग जागच्या जागी, माप हातात. पेशी खरोखरच सुजल्या होत्या.

"पण डाग तेव्हाही जुन्याच कॅमेऱ्यात होता याला पुरावा काय?" सरांनी विचारलं, कारण परीक्षक विचारणारच होता.

काकांनी कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक कागद आणला. मेमो. 'जुन्या सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमांत डाव्या वरच्या कोपऱ्यात डाग आढळतो. या निष्काळजीपणाबद्दल आपणास समज देण्यात येत आहे.' तारीख मुलगी रुजू झाली त्याच्या आदल्या महिन्याची. खाली सरांची सही. अख्ख्या प्रयोगशाळेत वर्णन, तारीख आणि सही असलेली तेवढी एकच नोंद होती.

सरांनी मेमोची प्रत उत्तराला जोडली.

दहा दिवसांनी परीक्षकाचं पत्र आलं. डाग पटला होता. लेख स्वीकारला होता. मुलीने स्वतःहून आईला फोन लावला. "झालं गं," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

सर मूळ मेमो घेऊन काकांच्या खोलीत गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"काका, चुकलंच माझं. हा फाडून टाकू या."

काकांनी मेमो त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला, परत पिशवीत घातला.

"नको, सर. मूळ प्रत उडवायची नाही."