दारामागचा खिळा

मित्रांनो, आणि मैत्रिणींनो, मोरीच्या दारामागे खिळ्याला उलटी टांगलेली ही लाल रबरी पिशवी म्हणजे मी. शेकायची पिशवी. माझा सांधा आता फुटला आहे, पोटात पाणी ठरत नाही. पण एक गोष्ट मात्र अजून पोटात आहे. ती सांगून टाकते.

माझा जन्म साच्यातला. रबराचा मऊ गोळा, वरून तापलेल्या लोखंडाचा दाब, आणि बाहेर आले तेव्हा अंगभर बारीक रेघा. औषधाच्या दुकानात वरच्या फळीवर एक वर्ष खोक्यात काढलं. मग एका बाईने मला घरी नेलं. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मोठमोठी पातेली उचलून तिची कंबर धरली होती. पहिल्याच शेकाला ती म्हणाली, "बाई गं, जिवात जीव आला!" असं कौतुक नंतर कुणी केलं नाही.

पुढे घरात सून आली. ती छापखान्यात पुस्तकं बांधायची. दर महिन्याला दोन दिवस तिचं पोट पिळवटून निघायचं, तेव्हा ती मला उराशी धरल्यासारखी पोटाशी धरायची. या घरात पाळीचं नाव कुणी तोंडाने घेत नसे. ते काम खिळ्याचं होतं. मी खिळ्यावर नसले की सासूबाई काही न विचारता भांड्यांचा ढीग आपल्याकडे ओढायच्या आणि मुलगा पाण्याच्या बादल्या भरून ठेवायचा. तीन दिवसांनी मी पुन्हा टांगली जायचे. मला त्याचा मोठा अभिमान होता. घराची खबर माझ्या हातात होती ना!

मग तो महिना आला.

नवरा-बायकोला मनातलं बोलायचं असलं की ती दोघं मोरीत नळ सोडून उभी राहत. म्हणजे बाहेर ऐकू जात नसे. मी तर दारामागेच.

"निरोध फाटला तो फाटला, गोळी घेतलीस ना?" तो म्हणाला. तो वायरमन होता. तार जोडली की दिवा लागलाच पाहिजे असं मानणारा.

"घेतली. काल दुपारच्या सुट्टीत, छापखान्याच्या नळावर उभ्याउभ्या."

"मग आता कशाला जीव टांगणीला?"

"तुमचं काय जातंय! टाके माझ्या पोटाला आहेत."

खरंच होतं. त्यांची लेक जेमतेम चौदा महिन्यांची. पोट चिरून झालेली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, दुसऱ्याचा विचार दोन वर्षं तरी नको, पोटाला सावरू द्या. त्यातच सुनेला छापखान्यात घडी घालायच्या नव्या यंत्रावर नुकतं घेतलं होतं.

दहा दिवसांनी तिची तारीख आली. सकाळ गेली, दुपार गेली. ती दर तासाला मोरीत यायची, दाराला कडी लावायची आणि तशीच बाहेर जायची. संध्याकाळी सासूबाईंची नजर खिळ्याकडे गेलेली तिने पाहिली. सासूबाई गालात हसल्या. लगेच पोरीला म्हणाल्या, "काय गं ढमे, तुला खेळायला कोण आणूया?"

एवढं पुरे झालं. सुनेने मला खिळ्यावरून ओढलं, उकळतं पाणी भरलं आणि पोटावर ठेवून पडून राहिली. पाळी नव्हतीच.

मित्रांनो, मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले ते असं.

तिला वाटलं होतं, आज नाही तर उद्या येईल, मग खोट्याचं खरं होऊन जाईल. उद्या आला. परवा आला. तिसऱ्या दिवशी तिने औषधाच्या दुकानातून तपासणीची पट्टी आणून पाहिली. एकच रेघ आली. म्हणजे गर्भ नाही. पण रेघेवर तिचा भरवसा बसेना. आणि मला खिळ्यावर ठेवायचं कसं? ठेवल्यावर उद्या खरंच आली, तर पुन्हा काढायची कशी? म्हणून ती मला रोज भरत राहिली. माझा सांधा तटतटायचा. तिचे हात मात्र गार.

ऊब माझी पोटावर, भीती पोटाच्या आत
किती ऊन पाणी भरा, थंडच गं तिचे हात.

छापखान्यात तिने एका पुस्तकाची पानं उलटी बांधली. घरी आली की भिंतीवरची तारीख बघे, मग बोटं मोजे, मग पुन्हा तारीख. मीही मोजत होते. मला बोटं नाहीत, तरी.

नवव्या दिवशी सासूबाईंनी मोरीचं दार ठोठावलं.

"सूनबाई, उघड. नऊ दिवस झाले, खिळा रिकामा आहे. इतकं अंगावरून जाणं बरं नव्हे. माझ्या बहिणीचं असंच झालं होतं, पार पांढरी पडली होती. चल, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात."

"आई, तसं नाही..."

"तसं नाही तर कसं?"

आतून नळाचा आवाज आला. मग नळ बंद झाला. दार उघडलं, आणि सून मला हातात धरून उभी.

"आई, जात नाहीये. आलेलीच नाही." आणि मग गोळीपासून पट्टीपर्यंत सगळं बाहेर आलं, हुंदक्यांसकट.

सासूबाई बादलीवर पाट टाकून बसल्याच. "म्हणजे मी नऊ दिवस भांडी घासली ती उगीच?" त्या म्हणाल्या. सून रडता रडता हसली. मग त्या हळूच म्हणाल्या, "आणि ढमीला विचारलं ते माझं चुकलं. जीभ सैल सुटली."

दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी काय सांगितलं, ते दोघींनी घरी येऊन मोठ्याने सांगितलं, नळ न सोडता. त्या गोळीने पाळी आठवडाभर मागे-पुढे होऊ शकते. आठवड्याहून जास्त लांबली तर तपासणी करायचीच. आधीची पट्टी फार लवकर केली होती. निरोध फाटल्या दिवसापासून तीन आठवडे झाले की केलेली खात्रीची. म्हणजे आणखी दोन दिवस. पोटात एका बाजूला फार दुखलं तर मात्र थांबायचं नाही. आणि गोळी ही अडीअडचणीची, रोजच्यासाठी दुसरी सोय करा, दोघांनी मिळून या.

"दोघांनी?" वायरमन म्हणाला.

"हो, दोघांनी," सासूबाई म्हणाल्या. "जोडणी दोन्ही टोकांची असते, हे तुला मी शिकवू?"

ते दोन दिवस मला नऊ दिवसांहून लांब वाटले. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सकाळी तिघं मोरीच्या दारात उभी. पट्टीवर एकच रेघ. वायरमन तिथेच उंबऱ्यावर बसला आणि त्याने तोंड झाकून घेतलं.

त्याच्या चौथ्या दिवशी तिचं पोट खरंच दुखू लागलं. तिने मला घाईने काढलं, पाणी ओतलं, आणि माझा सांधा फुटला. उकळतं पाणी भरभरून मी खोट्या दिवसांत झिजले होते; खऱ्या दिवशी कामी आले नाही. पाणी फरशीवर वाहत राहिलं.

तिने मला पुसून पुन्हा खिळ्याला टांगलं. मग भिंतीला टेकत स्वयंपाकघरात गेली आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "आई, आली हो."

"आली? बस, बस. कापड गरम करून देते," सासूबाई म्हणाल्या. आणि आतून भांड्यांचा आवाज सुरू झाला.

मित्रांनो, माझ्यासारख्या पिशवीत उकळतं पाणी घालू नका, बेताचं गरम घाला. झाकण लावण्याआधी दाबून आतली हवा काढून टाका, नाहीतर ती फुगते आणि फुटते. आणि घरातल्या बाईला काही होत असेल तर खिळ्याकडे पाहू नका. तिला विचारा. मी खिळ्यावर आहे, तरी तिची पाळी आली आहे. आता माझ्याकडे कुणी बघत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. अगदीच नाही असं नाही, थोडं वाटतं.