खुराड्यातलं धनुष्य

"हात लावू नगंस त्येला!" ओदिल मालक असा खेकसला, की कुरणावरच्या गायीसुद्धा मान वर करून बघायला लागल्या.

झुल्मानं काही चोरलं नव्हतं. गवतात ठेवलेलं त्याचं धनुष्य तिनं नुसतं उचलून बघितलं होतं. रविवारी गडी माणसं कुरणात रोवलेल्या उंच डोलकाठीच्या बुंध्याशी उभी राहून सरळ वर बाण मारायची. वर टोकाला पिसं खोवलेली लाकडी पाखरं बसवलेली. पाखरू पाडलं की गडी मिशीवर हात फिरवणार, आणि आम्ही बायका खाली पडलेले बोथट बाण वेचणार. आमच्या आयांनीही तेच केलं.

"बघते जरा मालक. खात न्हाई त्येला," झुल्मा म्हणाली.

"बाईचा हात लागला की लाकूड तडकतंय."

"व्हय? मंग कुऱ्हाडीचा दांडा अजून कसा न्हाई तडकला? रोज हातात असतोय माज्या."

आम्ही बायका फिस्सकन हसलो. ओदिलचं तोंड बीटावाणी लाल झालं. "जत्रंत ज्येच्यापाशी सोताचं धनुष्य, त्येनं बाण मारावा, आसा आपल्या तिरंदाज मंडळाचा नेम हाय. तुज्यापाशी हाय का? न्हाई ना? मंग बाण येच गपगुमान."

"आन् असलं तर?"

"तर मार की! पर सोमवारी कामावर यीऊ नगंस."

ही धमकी पोकळ नव्हती. लायी नदीत जवसाचे भारे कुजवून त्यांचा धागा काढायचा धंदा त्याचाच. गावातली निम्मी घरं त्या कुजक्या वासावर जेवायची. वाटेनं मी झुल्माला म्हटलं, "आगं, पाण्यात ऱ्हाऊन माशाशी वैर कशापायी?"

"मी कुठं पाण्यात ऱ्हाते, गुस्ते? वीस वरसं झाली, पाणीच माज्या सांध्यात ऱ्हातंय," ती म्हणाली आणि ताडताड पुढं निघून गेली.

झुल्मा एकटी. लगीन केलं नाही. बाप गेल्यावर चार कोंबड्या आणि एक बोकड घेऊन नदीकाठच्या खोपटात राहायची. हट्टी अशी, की बोकडानं तिच्यापुढं हार मानलेली.

त्याच आठवड्यात ती मेलेल्या गिरणीवाल्याच्या घरी गेली आणि पिलांसकट खुडूक कोंबडी देऊन एक लाकूड घेऊन आली. माझ्या दारात ते टेकवलं. मी नाक दाबलं. गिरणीवाल्याच्या खुराड्यात किती तरी वर्षं त्याच्यावर कोंबड्या बसलेल्या. शिटेचा थर बोटभर.

"ह्ये धनुष्य हाय, झुल्मे? मला तर कोंबड्यांचा पलंग वाटतोय."

"धुतल्यावर बघ."

ओल्या फडक्यानं पुसत पुसत तिनं ते स्वच्छ केलं. भिजवलं मात्र नाही. वाळलेल्या लाकडाला पाणी पाजलं तर ते फुगतं, म्हणाली. खालून बाहेरची पाठ पांढुरकी निघाली आणि आतलं पोट तांबूस. मग तिनं जवसाच्या धाग्याचा मूठभर पुंजका घेतला आणि पाठीवरून हलक्या हातानं फिरवला. एका जागी पुंजका अडकला. डोळ्याला दिसत नव्हती, पण तिथं ढलपी उचललेली होती.

"हितनंच मोडलं असतं बग," ती म्हणाली.

ढलपीखाली तिनं सरस भरला, वर जवसाचा धागा घट्ट गुंडाळला आणि आठवडाभर त्याला हातही लावला नाही. ते वाळल्यावर जवसाचं तेल थोडं थोडं जिरवलं. दोरी तिनं आपल्या हातानं वळली, लांब धाग्याची, मेण लावून. निम्मं आयुष्य त्या जवसात घातलेली बाई ती. 

आता ओढून बघायचं होतं. माझा नवरा रेमी गाडीची चाकं करायचा. आणि तो त्या मंडळातलाच. झुल्मा त्याच्या कामाच्या खोलीत आली तसा तो म्हणाला, "हातानं ओढू नगंस, झुल्मा. मोडलं तर टवका डोळ्यात घुसंल."

"म्हनून तर तुमची कप्पी मागाया आले, भावजी."

"मंडळाला कळलं तर मला हाकलत्याल."

"मंग तुमी बगू नगा."

रेमीनं टोपी डोळ्यांवर ओढली. "म्या काय बगितलं न्हाई," म्हणाला आणि स्वतःच भिंतीला दोन खुंट्या ठोकल्या. त्यांच्यात धनुष्याची मूठ आडवी बसवली. दोरीला दावं बांधलं, दावं खालच्या कप्पीतून घेतलं आणि दुसरं टोक झुल्माला दिलं. आम्ही तिघं दाराआड उभे राहिलो.

"हळू. आन् दावं हातातनं सोडू नगंस. बाण नसताना दोरी सुटली की समदा हिसका लाकडालाच बसतोय."

तिनं वीतभर ओढलं, परत ढिलं केलं. पुन्हा वीतभर. मग थोडं जास्त. धनुष्य म्हाताऱ्या माणसासारखं कण्हलं आणि एकाएकी टिक्कन वाजलं. मी ओरडलेच. झुल्मानं दावं हळूहळू सैल सोडलं. घामानं तिचं कपाळ निथळत होतं.

ढलपी शाबूत होती. दोरी खाचेत नीट बसली, तिचा आवाज होता तो. पण रेमीला दुसरंच दिसलं. "मुठीच्या वरचं अंग ताठ हाय. समदा भार खालचं एकलंच सोसतंय."

"आपल्या गावावाणी," मी म्हटलं.

झुल्मानं फुटक्या काचेनं वरचं अंग खरवडलं. धुळीसारखा भुसा निघायचा. लगेच ती थांबायची आणि पुन्हा कप्पीवर चढवून बघायची. असं किती तरी वेळा. अखेर एका संध्याकाळी दोन्ही अंगं सारखी वाकली. तिच्या हाताच्या लांबीइतकं ओढलं, तरी आवाज नाही. "बास. हेच्याम्होरं न्हाई. माज्या हातापुरतं झालं की झालं," ती म्हणाली.

जत्रेच्या रविवारी वारा होता आणि बिअरचे पेले भरत होते. झुल्मा धनुष्य घेऊन रांगेत उभी राहिली तसा बाजाही थांबला. ओदिल पुढं आला. "आण हिकडं. तपासल्याबिगर मारू देणार न्हाई. ताणून बगतो."

झुल्मानं धनुष्य छातीशी धरलं. "तुमचं हात लांब हायती, मालक. माज्या मापाचं हाय ह्ये. तुमी ताणलं तर मोडंल, आन् मंग म्हणाल, बाईच्या हातानं मोडलं."

"तपासलंय कुनी?"

  रेमीनं हातातला पेला खाली ठेवला.

"म्या," तो म्हणाला. "माज्या कप्पीवर. तुमच्या नव्या धनुष्यापरीस जास्त येळा."

झुल्मानं आणखी कुणाला विचारलं नाही. बुंध्याशी गेली, बाण लावला, पाठ मागं टाकली आणि सोडला. पहिला बाण वाऱ्यानं नेला. गडी हसले. दुसरा काठीला आपटून खडखडत खाली आला. तिसऱ्यानं कडेचं एक बारकं पाखरू उडालं आणि गरगरत गवतात पडलं. पाखरू पडलं की मारणाऱ्याचं नाव पुकारायचं, हे मंडळाच्या कारभाऱ्याचं काम. तो ओदिलच्या तोंडाकडं बघत राहिला.

तेव्हा झुल्मा आपणच ओरडली, "झुल्मा देस्मेट! येक पाखरू!" आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

सोमवारी आम्ही कुरणावर गेलो. गड्यांनी नदीतून भारे काढून ढीग घातले होते. ओल्या पेंढ्या सोडून वाळायला उभ्या करायचं काम आमचं. दिवसभर तशाच पडल्या तर सगळा धागा सडणार.

"तू न्हाई," ओदिल झुल्माला म्हणाला. "तुला सांगितलं व्हतं."

झुल्मानं मान हलवली. रडली नाही, की पाया पडली नाही. खोचलेला झगा सोडला आणि वळली.

मी हातातली पेंढी खाली टाकली. माझ्या शेजारणीनं टाकली. मग तिच्या पलीकडच्या सासू-सुनांनी टाकली, ज्या एकमेकींशी कधी बोलत नव्हत्या. सगळ्या ओळीनं हात पोटाशी धरून उभ्या राहिलो. ऊन चढायला लागलं. ढिगांतून वाफ निघायला लागली.

ओदिलनं ढिगांकडं बघितलं. आमच्याकडं बघितलं. नदीकडंही बघून झालं.

"पेंढ्या उभ्या करा," तो पुटपुटला.

"कुनी?" मी विचारलं.

 माशा घोंगावत होत्या.

"समद्यांनी," तो म्हणाला.

"नाव घिऊन सांगा, मालक," मी म्हटलं. "काल कारभाऱ्याचं पुकारायचं ऱ्हायलंय."


"...झुल्मा देस्मेट," ओदिल म्हणाला. मग आम्ही पेंढ्या उचलायला वाकलो.